गंजलेल्या बादलीचं गणित

चि. धाकट्यास,

थोरलीकडून आशीर्वाद. पुरतील तेवढे वापर, उरले तर जपून ठेव, कारण या वयात नवे काढायला मला दम लागतो. इकडे सगळं ठीक. गुडघे माझं ऐकत नाहीत, पण या घरात माझं ऐकतं कोण, म्हणून त्या बिचाऱ्यांना एकट्यांना दोष देत नाही. तुझी तब्येत विचारत नाही, कारण महिनाभर तूच एक दिवसाआड फोन करून आमची विचारतोयस. (माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा "दिसतं का गं आता" एवढंसुद्धा न विचारणाऱ्या भावाला एकाएकी आमच्या जिन्यातला दिवा बदलला का, मांजरीला पिल्लं झाली का, याची काळजी लागावी?) परवा तर विचारलंस, "तुमच्याकडे हवा कशी आहे?" हवेला काय धाड भरलीय? तुला हवेचं विचारायचंच नव्हतं. तुला पुस्तकाचं विचारायचं होतं, आणि ते विचारायचं म्हटलं की तुझी जीभ टाळ्याला चिकटते. तुझ्या प्रकाशकाने काय कळवलंय ते मला ठाऊक आहे. एखाद्या कॉलेजने तुझं कॅल्क्युलसचं पुस्तक लावलं तर तो पुन्हा छापणार, नाही तर गोदामातल्या उरलेल्या प्रती लगद्याच्या कारखान्यात जाणार. आणि ते लावायचं की नाही हे ठरणार होतं आमच्या भिंगरीच्या हातून. माझ्या नातीला ती एका जागी बसत नाही म्हणून हे नाव तूच ठेवलंस. आता ती कॉलेजात गणित शिकवते, पोरं तिला मॅडम म्हणतात, तरी घरात ती भिंगरीच.

तर निकाल लागला आहे आणि तो या पत्रात आहे. पण शेवटी नाही. तू लहानपणापासून गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचणारा, आणि मग "मला माहीतच होतं" म्हणून आमच्यासमोर मिरवणारा. म्हणून निकाल मी मध्येच कुठेतरी ठेवला आहे. सरळ वाचत ये, सापडेल.

झालं असं. भिंगरीच्या विभागप्रमुखांनी तिला सांगितलं की पहिल्या वर्षाच्या मुलांना पुढच्या वर्षापासून कॅल्क्युलसचं कोणतं पुस्तक लावायचं ते तू तपास आणि सुचव. ही तिथे सगळ्यांत नवी. नवी सून उंबरा ओलांडते न ओलांडते तोच तिला दोन जावांच्या भांडणात पंच म्हणून बसवावं, तसला प्रकार. तीन पुस्तकं घेऊन ती घरी आली आणि जेवायच्या टेबलावर आदळून म्हणाली, "आजी, मेले." मी म्हटलं, हात धुऊन मर. मग तिने सांगितलं. एक पुस्तक जाडजूड, रंगीत, बाहेरून येऊन मराठीत उतरवलेलं, तान्ह्या पोराएवढं वजन. दुसरं खुद्द विभागप्रमुखांनी लिहिलेलं. आणि तिसरं तुझं. म्हणजे प्रमुखांचं निवडलं तर लोक म्हणणार साहेबाला लोणी लावलं, तुझं निवडलं तर म्हणणार घरच्याची वर्णी लावली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ते जाडजूड धोंड. (मी तिला विचारलं, हे कॅल्क्युलस म्हणजे आहे तरी काय. म्हणाली, सतत बदलत राहणाऱ्या गोष्टींचा हिशोब. मी म्हटलं, मग माझ्या गुडघ्यांवर एखादा धडा आहे का बघ.)

आता माझी चूक. चूक म्हणजे मी मानत नाही, पण घरात सगळे तसं म्हणतात. बाबांचं तुला आठवतंय ना, नागडं पुस्तक घरात फिरलेलं त्यांना खपायचं नाही. पुस्तक आलं की आधी कव्हर, मग वाचन. (माझ्या बाबतीत नुसतंच कव्हर. वाचन तुझ्या वाट्याला.) ती आंघोळीला गेली आणि तिन्ही पुस्तकं टेबलावर उघडी पडलेली माझ्याच्याने बघवेनात. कपाटात खाकी कागद होता. खळ शिजवली आणि बाबांच्या रीतीने तिघांना कपडे चढवले. आणि बाबांची रीत म्हणजे तुला ठाऊक आहे: कव्हराची आतली घडी नुसती दुमडायची नाही, पुस्तकाच्या पहिल्या पानाला खळ लावून चिकटवायची, वरून पाटा ठेवायचा. मग ते कव्हर पुस्तक मेलं तरी सुटत नाही.

भिंगरी केस पुसत बाहेर आली. एक उघडलं, दुसरं उघडलं आणि मटकन खुर्चीत बसली.

"आजी, पुस्तकांची नावं कुठे गेली?"

"जातील कुठे? खाली आहेत. झाकली आहेत."

"अगं, लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, सगळं त्याच पानावर असतं! जाड्याचं जाऊ दे, पण या दोघांतलं कुठलं कोणाचं हे लोकांना कळणार कसं?"

मी म्हटलं, वाचून. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी सांगत होते, त्यांच्या हाती खळ देऊ नका." (खळ काय मी त्यांच्या परवानगीने शिजवते?) पण भिंगरीने तिन्ही पुस्तकं पुन्हा एकदा उघडून मिटली. मग तिच्या गालाला खळी पडली. ती पडली की समजावं, पोरगी कुणाला तरी गुंडाळणार. दुसऱ्या दिवशी तिने प्रमुखांना सरळ सांगितलं, सर, यातलं एक तुमचं आहे, एक माझ्या मामाआजोबांचं आहे, तेव्हा मी तोंडाने कुणाचंच नाव घेणार नाही. पुस्तकं झाकलेली आहेत, झाकलेलीच तपासू, आणि उघडू ती निवडल्यावर. प्रमुखांना बरं वाटलं. आपलं पुस्तक काय, अंधारातही चमकेल, असं प्रत्येक लिहिणाऱ्याला वाटतंच. तुलाही वाटत असणार.

पहिली परीक्षा घरीच झाली. भिंगरी म्हणाली, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला पहिला धडा वाचवतो का ते बघायचंय, आणि असं म्हणून तिने पुस्तकं माझ्यापुढे ठेवली. मानाचं पान मिळालं म्हणायचं! मी चष्मा लावला. जाड्याच्या पहिल्या धड्यात एक मोटार, एक हसरा माणूस, एक पूल, पुन्हा तोच माणूस, आणि "तुमचं स्वागत आहे" हे तऱ्हेतऱ्हेने. पाहुणचार उत्तम, पण पान वाढायचं नाव नाही. दुसऱ्या खाकीत दर दोन ओळींनंतर "हे उघडच आहे" असं लिहिलेलं. लिहिणाऱ्याला उघड असेल, मला तर सगळी दारं बंद दिसत होती. मग तिसरं खाकी घेतलं. त्यात म्हटलं होतं की एक मुलगी अंगणातल्या नळाखाली बादली लावते. नळाला करंगळीएवढी धार आहे. पाणी चढत जातं, पण नेमकं या क्षणाला ते किती वेगाने चढतंय, हे कसं सांगायचं? म्हटलं, हे बरं आहे, हे मला कळतंय. मी पुढे वाचलं. "बादली जुनी व गंजलेली असल्यामुळे तिच्या तळाला मोहरीएवढे भोक पडले आहे."

धाकट्या! मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गंजलेली?

इतकी वर्षं तुझं पुस्तक माझ्या घरात आहे (शिवणयंत्राच्या हलत्या पायाखाली, पण आहे), आणि मी ते कधी उघडलं नाही, कारण त्यात माझं काय असणार. आणि त्यात मीच आहे. सगळी पोरं शिकून नोकरीला लागली, आणि मी आपली तिथे नळाखाली उभी, पाणी भरतेय! वर बादली म्हणे गंजलेली. ती बादली नवी कोरी होती. तिच्या बुडाला दगडाने खिळा ठोकून भोक कुणी पाडलं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि पायरीवर बसून "पाणी किती वेगाने जातं ते बघायचंय" असं कोण म्हणत होतं तेही माहीत आहे. आईने मला बोल लावले, की एक बादली भरायला हिला सकाळ पुरत नाही. आणि तू मान डोलावून म्हणालास, "गंजली असेल." तेच आजतागायत म्हणत आलास. पण छापून? मुलांच्या पुस्तकात? मी भिंगरीला तिथल्या तिथे सांगितलं की हे पुस्तक खोटं बोलतं, हे कॉलेजात जाता कामा नये. ती म्हणाली, "आजी, एका ओळीवरून पुस्तक नापास करत नाहीत." मी म्हटलं, मला तिसरीतून काढलं तेव्हा कुणी एवढा विचार केला नव्हता.

मग वर्गातल्या पोरांची पाळी. प्रत्येक पुस्तक काही पोरांना आठवडाभर दिलं आणि सुटीच्या दुपारी सगळ्यांना आमच्याकडे बोलावलं. दाराशी चपलाबुटांचा हा ढीग. जाडं पुस्तक वापरणारा म्हणाला, चित्रं बघण्यात वेळ जातो आणि खांदा दुखतो. "उघडच आहे" वाचणारी एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, पुस्तक चांगलं असेल, पण वाचताना स्वतःची लाज वाटते. आणि तुझं पुस्तक ज्यांना दिलं होतं ती चार-पाच पोरं एकदम बोलायला लागली. समजतं म्हणाली, रात्री कुणाला फोन करून विचारावं लागत नाही म्हणाली. मी चहा गाळता गाळता ऐकत होते. तेवढ्यात त्यांच्यातला एक उंच पोरगा उठला. (उठला म्हणजे उलगडत गेला. मी त्याचं नाव शिडी ठेवलंय.) तो म्हणाला, "पण मॅडम, बादलीच्या गणिताचं उत्तर साफ चूक आहे. भोक मोहरीएवढं, धार करंगळीएवढी, म्हणजे बादली भरून वाहायला पाहिजे. मागच्या उत्तरांत लिहिलंय, पाणी निम्म्यापर्यंत येऊन थांबतं. ज्या पुस्तकाचं पहिलंच उत्तर चुकतं, त्याच्यावर वर्षभर विश्वास कसा ठेवायचा?" भिंगरीचा चेहरा उतरला, कारण तिने आदल्या दिवशी तेच गणित करून बघितलं होतं, आणि शिडीचं बरोबर होतं.

आता खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मीच म्हणत होते ना, जाता कामा नये. पण तुला मी बोल लावले तर ते घरातलं आहे. त्या शिडीने लावायचे म्हणजे काय? ज्याला अजून मिशी धड नाही त्याने? मी त्याला दुसरा चहा दिला नाही. (मागितला होता.)

पोरं गेल्यावर भिंगरी टेबलाशी कागद घेऊन बसली. म्हणाली, "आजी, चुकलेलं उत्तर छापलेलं निघालं तर हे पुस्तक गेलंच समज. उद्याच बैठक आहे. मामाआजोबा असे चुकतील कसे?" मी म्हटलं, चुकला नाही, त्याने पाहिलंय ते. पाणी निम्म्यावरच थांबायचं. मी हात जोडले तरी वर चढायचं नाही. तशी तिने गणित उलटं चालवलं. म्हणजे उत्तर खरं धरायचं, आणि ते खरं ठरायला भोक केवढं लागेल ते काढायचं. बराच वेळ पेन्सिल खरखरली. मग तिने दोन बोटांनी माप दाखवलं. मी डब्यातून मोहरी काढून ठेवली. ती म्हणाली, छे. मी वाटाणा ठेवला. तिने बोटं जवळ आणून बघितलं आणि हसत सुटली, इतकी की सूनबाई धावत आल्या. तर धाकट्या, तुझ्या प्रश्नात भोक मोहरीएवढं आहे, आणि तुझ्या उत्तरात वाटाण्याएवढं. प्रश्न लिहिताना तू आईला डोळ्यांपुढे ठेवलंस आणि उत्तर लिहिताना बादलीला. माणूस दडवेल, पण तुझं कॅल्क्युलस काही दडवत नाही, हे मात्र मला आवडलं. पोरगी म्हणते तो बदलत्या गोष्टींचा हिशोब हाच असेल तर मलाही शिकवा.

बैठकीच्या दिवशी दुपारी भिंगरीचा फोन. "आजी, एक पुस्तक निवडलंय, कागदावर त्याचं नाव लिहायचंय, पण तुझं कव्हर निघत नाही. कात्रीही चालवून झाली." मी म्हटलं, कात्रीला हात लावाल तर याद राखा, आणि ओलं फडकं घेऊन निघाले. शिक्षकांच्या खोलीत गेले तर लोखंडी कपाटं, खडूने पांढरा झालेला पंखा, कुणाचे तरी अर्धे सोडलेले चहाचे कप, आणि मधल्या टेबलावर माझी तीन खाकी बाळं. विभागप्रमुख तुझ्या पुस्तकातलं पान उघडून बाकीच्यांना वाचून दाखवत होते, "बघा, भाषा बघा. कुठे अवघड शब्द नाही. हे बादलीचं उदाहरण मी वर्गात कायम देतो. बाकी दोघांत आहे असं काही?" बिचाऱ्यांना वाटत होतं, हे आपलंच. भिंगरी पंख्याकडे बघत उभी. मी कोमट पाणी मागितलं, घडी भिजवली, हळूहळू कव्हर सोडवलं. पहिलं पान थोडं फाटलं, पण तुझं नाव आख्खं निघालं.

प्रमुखांनी ते वाचलं. मग दुसरं खाकी उचललं, उघडलं, दोन पानं वाचली, आणि मिटून ठेवलं. मला वाटलं, संपलं. पुस्तकही गेलं आणि पोरीची नोकरीही. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला सकाळपासून आठवत नव्हतं, हे उदाहरण मी माझ्या पुस्तकात कधी घातलं. आता कळलं. घातलंच नव्हतं. ऐकलं होतं. सरांच्या वर्गात." धाकट्या, तू घरी येऊन ज्याच्या नावाने खडे फोडायचास, शेवटच्या बाकावर बसून तुझ्या प्रत्येक तासाला तोंड उघडणारा, ज्याला तू जांभई म्हणायचास, तो आठवतो का? तो हाच! केस गेलेत म्हणून तू ओळखणार नाहीस, पण बैठकीतही त्याने दोनदा तोंडावर हात नेला. म्हणाला, बादलीच्या दिवशी मला पहिल्यांदा जांभई आली नाही. घरी जाऊन नळाखाली बादली लावून बसलो तर आई म्हणाली, पोराला काय झालं. मग त्याने आपलं पुस्तक स्वतःच्या पिशवीत ठेवलं, आणि तुझं नाव कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकच अट: मागची सगळी उत्तरं नव्याने तपासून द्यायची.

हा निकाल. तुझं पुस्तक लागलं. आता पाणी पी आणि पुढचं वाच.

पुढचं फारसं नाही. बादलीवरून मी काही बोलत नाही. इतकी वर्षं झाली, आई गेली, नळही गेला, मनात काय ठेवायचं. माणसाने मोठ्या मनाने विसरावं, आणि मी थोरली आहे. वहिनी गेल्यापासून तू एकटा स्वयंपाक काय करतोस ते मी विचारत नाही, कारण उत्तर ऐकवणार नाही. शाई आहे पण बोटं संपली, म्हणून थांबते.

तुझी थोरली
(नळाखालची)

ता. क. उत्तरं तपासायला तू सुटीत इकडे येऊन राहणार असं भिंगरीने प्रमुखांना सांगून टाकलं आहे. तिला तसं सांगायला मी सांगितलं. तू हो म्हणालाच असतास, पण आधी महिनाभर हवेची चौकशी करत बसला असतास. खिडकीजवळची खाट तुझी. घोरलास तर शिवणयंत्राजवळची. तपासायला शिडी रोज येणार आहे. त्याला आता दुसरा चहाही मिळतो.

ता. क. वर मोठ्या मनाचं लिहिलं ते खोडायचं होतं, पण पान खराब झालं असतं. तेवढं वाचलं नाही असं धर. बादलीचं माझ्या मनात आहे. तेव्हा नव्या पुस्तकात ती ओळ अशी पाहिजे: "बादली नवी असून मुलीच्या धाकट्या भावाने खिळा ठोकून तिच्या तळाला वाटाण्याएवढे भोक पाडले आहे." भिंगरी म्हणते, गणिताच्या दृष्टीनेही हेच बरोबर. उत्तराला हात लावू नकोस. उत्तर पहिल्यापासून बरोबर आहे. चुकलाय तो प्रश्न.

ता. क. ती बादली अजून तुझ्या गॅलरीत आहे आणि तू तिच्यात झाड लावलं आहेस, असं भिंगरी मागे येऊन गेली तेव्हा म्हणाली होती. तीन घरं बदललीस, ती बादली मात्र प्रत्येक घरी नेलीस. का, ते मी विचारत नाही. झाड शेजारणीकडे ठेव आणि बादली घेऊन ये. मोजायला पट्टी काढून ठेवली आहे.